न दिसणाऱ्या लागणीची मोजदाद

जुलै २००७ मध्ये भारतातील एच. आय. व्ही. बाधितांची संख्या एका दिवसात निम्म्याहून खाली आली. तोपर्यंत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे 'नॅको', हा आकडा ५२ लाख सांगत होती. संयुक्त राष्ट्रसंघाच्या 'यू. एन. एड्स' या विभागाने तर २००६ साली ५७ लाख हा आकडा देऊन भारताला जगात पहिल्या क्रमांकावर बसविले होते. नवा आकडा आला सुमारे २५ लाख. मधल्या काळात तीस लाख माणसे बरी झाली नव्हती, कारण हा विषाणू शरीरातून समूळ घालविणारे औषध उपलब्ध नव्हते. तितकी माणसे दगावलीही नव्हती. बदलली होती ती मोजपट्टी.

विद्यार्थी मित्रहो, असे आकडे वर्तमानपत्रांत आपण नेहमी वाचतो. 'रोग वाढला', 'रोग घटला' अशी त्यांची शीर्षके असतात. पण देशात दर वर्षी किती नव्या माणसांना या विषाणूची लागण होते आणि ती लागण वाढते आहे की ओसरते आहे, हे मुळात कळते कसे? औषधे किती मागवायची, प्रचार कोठे वाढवायचा, आणि ज्या उपायांवर पैसा खर्च झाला ते लागू पडले की नाही, हे सारे या एका उत्तरावर ठरते. उत्तर चुकले तर एखाद्या जिल्ह्यातील रुग्णांना औषध कमी पडते, किंवा रोग पसरत असताना आपण समाधानात राहतो.

सरळ मोजता का येत नाही?

पटकी किंवा गोवर झाला की माणूस लगेच आजारी पडतो. घरच्यांना कळते, डॉक्टरांना कळते, नोंद होते. एच. आय. व्ही.चे तसे नाही. लागण झाल्यावर काही आठवड्यांत थोडा ताप येऊन जातो, आणि पुष्कळांना तेवढेही जाणवत नाही. त्यानंतर हा विषाणू शरीरातील विशिष्ट पांढऱ्या पेशींचा हळूहळू नाश करीत राहतो. औषधोपचार नसतील तर लागण झाल्यापासून एड्सची लक्षणे दिसेपर्यंत साधारण दहा वर्षे जातात. या काळात माणूस शेतावर जातो, नोकरी करतो, आणि आपल्याला काही झाले आहे याची त्याला वार्ताही नसते.

रक्ततपासणी केली तर काय कळते? विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे रक्तात आहेत की नाहीत, एवढेच. म्हणजे लागण झाली आहे का, याचे उत्तर मिळते. केव्हा झाली, याचे मिळत नाही. आज सापडलेल्या रुग्णाला गेल्या महिन्यात लागण झाली असेल किंवा आठ वर्षांपूर्वीही. त्यामुळे 'यंदा सापडलेले रुग्ण' आणि 'यंदा लागण झालेली माणसे' या दोन अगदी वेगळ्या संख्या आहेत. तपासणी केंद्रे वाढविली की पहिली संख्या वाढते. दुसरी तेव्हा घटतही असू शकते.

यावर एक बिनतोड उपाय सुचतो. लागण नसलेली माणसे निवडावी, वर्षभराने त्यांचे रक्त पुन्हा तपासावे, आणि नव्याने किती जणांना लागण झाली ते मोजावे. पुण्यात १९९३ सालापासून गुप्तरोगांच्या दवाखान्यात येणाऱ्यांचा असा पाठपुरावा झाला. सुरुवातीच्या वर्षांत तेथे दर वर्षी शंभरांमागे सुमारे दहा जणांना नवी लागण होत असल्याचे दिसले. हा आकडा भयंकर होता, आणि खराही होता. पण तो एका विशेष धोका असलेल्या गटाचा होता. सबंध देशासाठी हीच रीत वापरायची म्हटली तर गणित बिघडते. अलीकडच्या अंदाजांनुसार भारतात वर्षाला ७० हजारांच्या आसपास नव्या लागणी होतात. लोकसंख्या १४० कोटी धरा आणि भागाकार करा: लाखामागे पाच! म्हणजे एक लाख माणसांना वर्षभर धरून ठेवून दोनदा तपासले, तरी हाती पाच माणसे लागणार. त्यातही योगायोगाने दोन किंवा नऊ सापडली तर 'साथ घटली' म्हणायचे की 'दुप्पट झाली'?

तेव्हा नवी लागण मोजायची नाही, तिचे अनुमान करायचे, हाच मार्ग उरतो.

हौदाचे उदाहरण

अंकगणितातील हौदाची उदाहरणे तुम्ही सोडविली असतील. एक तोटी हौद भरते, दुसरी रिकामा करते, तर अमुक वेळानंतर पाणी किती? असली उदाहरणे कोणाच्या कामी येतात, असे पुष्कळ विद्यार्थ्यांना वाटते. येथे ती चांगलीच कामी येतात.

देशातील सर्व बाधित माणसे म्हणजे हौदातील पाणी. नवी लागण म्हणजे वरून पडणारी धार. मृत्यू म्हणजे खालची मोरी. वरची धार आपल्याला दिसत नाही. पण पाण्याची पातळी दोन वेळा मोजली आणि मोरीतून किती गेले हे माहीत असले, तर धार काढता येते.

समजा, एका राज्यात वर्षारंभी २,००,००० बाधित होते आणि वर्षअखेर २,०४,००० झाले. वर्षभरात त्यांच्यापैकी ६,००० जण मरण पावले. तर नव्या लागणी ४,००० अधिक ६,००० म्हणजे १०,००० झाल्या असल्या पाहिजेत. आता पुढच्या वर्षी चांगली औषधे मिळू लागली, मृत्यू २,००० वर आले, आणि प्रचारामुळे नव्या लागणीही ८,००० पर्यंत उतरल्या असे धरा. वर्षअखेर बाधित किती? २,१०,०००. पहिल्या वर्षी संख्या चार हजारांनी वाढली होती, दुसऱ्या वर्षी सहा हजारांनी. वर्तमानपत्र लिहील, 'रोगाचा वेग वाढला'. वस्तुतः लागण कमी झाली, माणसे अधिक जगली, आणि म्हणूनच हौदाची पातळी वर गेली.

हे उदाहरण काल्पनिक आहे, पण भारतात १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत औषधे मिळू लागल्यावर नेमका हाच प्रश्न उभा राहिला. तोवर एकूण बाधितांच्या आकड्यावरून साथीची दिशा ओळखण्याची सवय होती. ती सोडावी लागली.

या रीतीत एक खोच आहे. पातळीच्या मापात पाच टक्के चूक असली तरी दोन लाखांत ती दहा हजारांची होते, आणि आपण शोधतो ती धारच मुळी दहा हजारांची! दोन मोठ्या, थोड्या चुकीच्या संख्यांची वजाबाकी केली की बाकी पार चुकीची येऊ शकते. म्हणून पातळी फार काळजीने मोजावी लागते. २००७ सालच्या घटनेचे मूळ येथेच आहे.

पातळी कशी मोजली?

भारतात एच. आय. व्ही.ची लागण प्रथम १९८६ साली मद्रास येथे उघडकीस आली. १९९८ पासून देशभर ठरावीक दवाखान्यांत दर वर्षी पाहणी होऊ लागली. तिला प्रहरी सर्वेक्षण म्हणतात. पाहणीच्या तीन महिन्यांत गरोदर स्त्रियांच्या दवाखान्यात ओळीने येणाऱ्या ४०० स्त्रियांचे रक्त घेत. ते मुद्दाम काढलेले नसे. उपदंशाच्या नेहमीच्या तपासणीनंतर उरलेल्या रक्तावरचे नाव काढून टाकून त्याची तपासणी होई. गरोदर स्त्रियाच का? कारण त्या सर्व थरांतून दवाखान्यात येतात, त्यांचे रक्त तसेही तपासले जाते, आणि सर्वसाधारण जनतेत काय चालले आहे याची त्यांच्यावरून कल्पना येते, असे मानले जाई.

या मानण्यातच अडचण होती. पाहणीची केंद्रे बहुतेक सरकारी रुग्णालयांत होती. तेथे गरीब वर्गातील रुग्ण अधिक येत. शिवाय एखाद्या स्त्रीला लागण झाल्याचा संशय आला की काही खाजगी डॉक्टर तिला सरकारी रुग्णालयाकडे पाठवून देत. अशा रीतीने बाधित स्त्रिया नेमक्या त्याच ठिकाणी गोळा होत, जेथे आपण त्यांना मोजायला बसलो होतो. आंध्र प्रदेशातील गुंटूर जिल्ह्यात संशोधकांनी घरोघर जाऊन हजारो स्त्री-पुरुषांचे रक्त तपासले, तेव्हा सरकारी रीतीने येणारा आकडा प्रत्यक्षाच्या जवळजवळ अडीच पट असल्याचे २००६ साली दिसून आले.

त्याच सुमारास २००५-०६ ची तिसरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली. तिच्यात देशभरातील एक लाखाहून अधिक स्त्री-पुरुषांच्या बोटाच्या टोकातून रक्ताचे थेंब टीपकागदासारख्या गाळणकागदावर घेऊन, वाळवून, नावाविना तपासण्यात आले. लागणीचे प्रमाण निघाले ०.२८ टक्के. हा आकडा तरी अखेरचा मानावा का? नाही. घरोघर जाणाऱ्या पाहणीत लांबच्या मार्गावरचे ट्रकचालक, घर सोडून कामासाठी गेलेले मजूर, वेश्याव्यवसायातील स्त्रिया असे लोक सुटतात, आणि लागणीचा धोका त्यांनाच अधिक असतो. दवाखान्यांचा आकडा वर झुकलेला, तर घरांचा खाली! दोन्ही पाहणींची सांगड घालून, विशेष धोक्याच्या गटांची भर टाकून २००६ सालासाठी प्रौढांतील प्रमाण ०.३६ टक्के ठरविले गेले. त्यावरून २५ लाख हा आकडा आला. तो एकटा आला नाही, हेही लक्षात ठेवा. खरी संख्या २० ते ३१ लाखांच्या दरम्यान असावी, असे सोबत सांगितले होते. बातम्यांत ही मर्यादा बहुधा गळून पडते, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची माहिती तीच असते.

'केव्हा' याचे माग

पातळीवरून धार काढण्याची रीत एवढी नाजूक, म्हणून शास्त्रज्ञ इतर खुणांचाही आधार घेतात. लागण केव्हा झाली असेल, हे सुचविणारी कोणतीही खूण त्यांना चालते.

सगळ्यात साधी खूण म्हणजे वय. चाळीस वर्षांच्या स्त्रीच्या रक्तात विषाणू आढळला तर लागण केव्हाची, हे सांगणे कठीण. पण अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी बाधित आढळली तर ती लागण फार जुनी असणे संभवत नाही. (जन्मापासून बाधित असलेली मुले याला अपवाद.) म्हणून १५ ते २४ वयाच्या गटातील प्रमाण वर्षानुवर्षे पाहत गेले, तर नव्या लागणीची दिशा बरीचशी कळते. राजेश कुमार, प्रभात झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० ते २००४ या काळातील जवळजवळ तीन लाख गरोदर स्त्रियांच्या तपासण्या या दृष्टीने पाहिल्या. त्यांचा निष्कर्ष २००६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र प्रदेश व तामिळनाडू या चार राज्यांत मिळून या वयोगटातील प्रमाण १.७ टक्क्यांवरून १.१ टक्क्यांवर आले होते. उत्तरेकडील राज्यांत असा ठळक फरक नव्हता. आता गंमत पाहा. दवाखान्यांचे आकडे वर झुकलेले असतात हे आपण आताच म्हटले, मग ही घट खरी कशी मानायची? कारण झुकाव दर वर्षी साधारण सारखाच असेल, तर पातळी चुकते पण उतार फारसा चुकत नाही. घरातला वजनकाटा नेहमी दोन किलो जास्त दाखवीत असला, तरी तुमचे वजन घटले की नाही, हे तो बरोबर सांगतो.

दुसरी खूण रक्तातच सापडते. लागण झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत प्रतिपिंडांचे प्रमाण थोडे असते व ती विषाणूला सैलसर चिकटतात. पुढे ती वाढतात आणि पकड घट्ट होते. हे मोजून लागण ताजी की जुनी, याचा अंदाज बांधता येतो. एक लाख लोकांच्या रक्तात अशा ताज्या लागणी दहा आढळल्या आणि 'ताजेपणा' सहा महिने टिकतो असे मानले, तर वर्षाला लाखामागे सुमारे वीस. मात्र रोग फार बळावलेल्या किंवा औषधे घेत असलेल्या काही रुग्णांचे जुने रक्तही या कसोटीला ताजे भासते. असे थोडेसे रुग्ण मिसळले तरी आकडा फुगतो. भारतासारख्या देशात, जेथे लाखामागे सहा महिन्यांत दोन-तीनच खऱ्या ताज्या लागणी, तेथे एकट्या या कसोटीवर विसंबता येत नाही.

तिसरी रीत उलट्या दिशेने चालते. यंदा एड्स झालेले रुग्ण मोजा. लागणीपासून आजारापर्यंत किती वर्षे लागतात याचे वेगवेगळे प्रमाण ठाऊक आहे. मग मागे किती जणांना लागण झाली असेल तेव्हा आज एवढे रुग्ण दिसतील, ते काढा. रॉन ब्रूकमायर व मिचेल गेल या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञांनी १९८०-९० या दशकात ही रीत बसविली. जुन्या काळासाठी ती उत्तम. गेल्या दोन-तीन वर्षांबद्दल मात्र ती जवळजवळ मुकी असते, कारण त्या लागणींचे रुग्ण अजून दिसायचेच असतात.

सगळे एका वक्रात

आता हे निरनिराळे आकडे आलेखावर मांडा. एखादा बिंदू गरोदर स्त्रियांचा, एखादा घरोघरच्या पाहणीचा, शिवाय मृत्यूंचे अंदाज आणि औषधे घेणाऱ्यांची नोंद. संगणक साथीच्या सुरुवातीपासून आजपर्यंतचे हजारो संभाव्य वक्र काढतो आणि या बिंदूंशी जमणारे वक्र ठेवून बाकीचे टाकून देतो. उरलेल्या वक्रांचा मध्य म्हणजे अंदाज, आणि त्यांचा पसारा म्हणजे त्याची मर्यादा. प्रत्येक वक्रासोबत दर वर्षीची नवी लागणही आपोआप येते, कारण हौदाचा हिशेब त्यात आतच बसविलेला असतो.

यातून एक नियम निघतो, आणि तो शिक्षकांनी वर्गात जरूर सांगावा. नवी पाहणी हाती आली की शास्त्रज्ञ शेवटचा बिंदू तेवढा पुढे जोडत नाहीत, तर सबंध वक्र पहिल्यापासून पुन्हा काढतात. म्हणून दोन वर्षांची तुलना करायची तर दोन्ही आकडे एकाच वेळच्या वक्रावरून घेतले पाहिजेत. २००५ चा जुन्या रीतीचा ५२ लाख आणि २००६ चा नव्या रीतीचा २५ लाख यांची वजाबाकी निरर्थक आहे. उलट, पुढे २००८-०९ च्या अंदाजात 'नॅको'ने एकाच रीतीने मागचीही वर्षे काढली. त्यात २००० साली नव्या लागणी सुमारे २.७ लाख आणि २००९ साली सुमारे १.२ लाख दिसल्या. ही घट मात्र खरी म्हणता येते. तशीच एका वक्रावरची तुलना करून २०१० ते २०२३ या काळात नव्या लागणी सुमारे ४४ टक्क्यांनी कमी झाल्याचे पुढे सांगण्यात आले.

अमेरिकेत याच्या उलट घडले. तेथे बरीच वर्षे 'दर वर्षी ४० हजार नव्या लागणी' हा आकडा रूढ होता. ऑगस्ट २००८ मध्ये तेथील रोग नियंत्रण केंद्राने २२ राज्यांतील नव्या रुग्णांच्या रक्तावर ताज्या लागणीची कसोटी लावून २००६ सालासाठी ५६,३०० हा आकडा दिला. लोक दचकले. पण उलट्या दिशेच्या रीतीने सबंध वक्र काढल्यावर दिसले की १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून लागण साधारण स्थिरच होती. ४० हजार हा आकडाच आधीपासून कमी होता. पुढे २०११ साली रीत आणखी सुधारली आणि २००६ चाच आकडा ४८,६०० ठरला! एकाच देशाच्या, एकाच वर्षाच्या लागणीचे तीन आकडे झाले. ते वर्ष मात्र कधीच उलटून गेले होते.

वर्गात करून पाहा

एक हजार चिंचोके गोळा करा. त्यांतील दहा रंगवा आणि सगळे एका डब्यात घालून चांगले ढवळा. न पाहता शंभर चिंचोके काढा, रंगीत किती आले ते लिहा, परत टाकून ढवळा. असे वीस वेळा करा. दर वेळी एकच रंगीत निघाला पाहिजे, असे वाटेल. प्रत्यक्षात वीसपैकी साधारण सात वेळा एकही निघणार नाही, सात-आठ वेळा एक, चार वेळा दोन, आणि एखाद-दुसऱ्या वेळी तीन किंवा अधिक. वीस खेपांची सरासरी काढली की ती एकाच्या जवळ येते. दहाने गुणा, म्हणजे डब्यातील रंगीत चिंचोके मिळतील.

आता चिंचोके दोन डब्यांत पाचशे-पाचशे वाटा. एका डब्यावर 'रुग्णालय' अशी चिठ्ठी लावून त्यात आठ रंगीत घाला. दुसऱ्यावर 'बाकीचे गाव' लिहून त्यात दोन. ढवळा, आणि फक्त पहिल्या डब्यातून शंभर-शंभर काढून पूर्वीप्रमाणे वीस खेपांवरून एकूण हजारांतील रंगीत चिंचोक्यांचा अंदाज करा. नंतर शंभराऐवजी दोनशे-दोनशे काढून, सरासरीला पाचाने गुणून पाहा. नमुना मोठा केल्यावर अंदाज दहाकडे सरकतो की सोळाच्या आसपासच घुटमळतो, ते फळ्यावर मांडा.